पदवीनंतर वर्षं भरकटत गेली, आता कुठलं काम धरू? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सहा वर्षं रविवारी सकाळी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पंचवीस ते पस्तीस वयाची मुलंमुली माझ्यासमोर येऊन बसतात. कुणी बी.ए. करून पाच वर्षं झालेली, कुणी इंजिनिअर, कुणी एम.एस्सी. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, पण प्रश्न फिरून तेच येतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

दादा, तुम्ही स्वतः किती वर्षं भरकटलात?

सात. २०१० साली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. पहिलं वर्ष ‘बघू, काहीतरी होईल’ म्हणण्यात गावातच गेलं. पुढची सहा पुण्यात. नवी पेठेत कॉट बेसिसवर चौघांत एक खोली, शास्त्री रोडला अभ्यासिका, दोन वेळचा मेसचा डबा. मधे आठ महिने औषधं विकायला दवाखान्यांच्या पायऱ्या चढलो, मधे एका क्लाससाठी सराव पेपर तपासले. राज्यसेवेची पूर्व दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही.

एक संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. २०१६ साली सरकारने खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली. अभ्यासिकेत कुणीतरी पेढे आणले. सगळे एकमेकांना टाळ्या देत होते. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. हातात पेढा धरून जिन्यात बसलो आणि मनात एकच आलं, म्हणजे आता आणखी दहा वर्षं हेच? आनंदाच्या बातमीने ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला आतून काहीतरी कळलेलं असतं. मला ते मान्य करायला आणखी एक वर्ष लागलं.

२०१७ साली, एकोणतिसाव्या वर्षी, आमच्या भागातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून लागलो. आज ती प्रयोगशाळा मी सांभाळतो.

माझं वय २९ आहे. उशीर झाला का?

काही गोष्टींना झाला, बऱ्याच गोष्टींना नाही. दारं सगळी एकदम बंद होत नाहीत, एकेक करून होतात, आणि ते वेळापत्रक कुणी आपल्यासमोर मांडून ठेवत नाही. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेत लिपिकासाठी खुल्या गटाला मर्यादा २८, पीओसाठी, म्हणजे प्रोबेशनरी अधिकाऱ्यासाठी, ३०. पोलीस शिपाई भरतीला खुल्या गटासाठी २८. राज्यसेवेला ३८, मागासवर्गीयांना ४३. खासगी कंपन्या ‘फ्रेशर’ म्हणून पंचविशीच्या आतबाहेरचीच पोरं घेतात, कागदावर लिहिलेलं नसलं तरी.

आता बघा काय होतं. आपण सगळ्यात उशिरा बंद होणाऱ्या दाराकडे, म्हणजे ३८ कडे बघत बसतो, आणि पाठीमागे बाकीची दारं लागत जातात. म्हणून पहिलं काम हे करा : तुमच्या पदवीवर, तुमच्या प्रवर्गात, आज कुठली दारं उघडी आहेत आणि प्रत्येक कधी बंद होतं, एवढं एका कागदावर लिहा. आयटीआयला प्रवेशासाठी कमाल वयाची अट नाही. तीन वर्षांच्या एलएल.बी.लाही नाही. हे दोन्ही सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

मला नेमकी कशाची आवड आहे तेच कळत नाही.

मलाही कळत नव्हतं. आवडीची यादी करायला बसलो असतो, तर दुधाचं नाव त्यात कुठेच आलं नसतं.

पहिले वर्षभर मला हे काम आवडलं नाही, हे स्पष्ट सांगतो. पहाटे साडेचारला उठायचं, आंबलेल्या दुधाचा वास कपड्यांना, आणि दुधातली फॅट, म्हणजे स्निग्धांश, काढताना आम्लाची भीती. पद्धत साधी आहे. बुटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या नळीत, १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर पिपेटने सावकाश १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की ती नळी हातात भाजण्याइतकी तापते आणि आतलं सगळं तपकिरी होतं. मशीनमध्ये फिरवून बाहेर काढली की वर पिवळसर पारदर्शक थर दिसतो. तो मोजायचा. तीच फॅट.

चौदाव्या महिन्यात एक शेतकरी खिडकीशी आला. दोन म्हशी. ‘साहेब, चारा तोच, पेंड तीच, आठ दिवसांत फॅट सहावरून पाच-दोनवर कशी येईल?’ संकलन केंद्रावर मशीनने लावलेली फॅट होती ती. मी त्यांच्या दुधाचा नमुना हाताने तपासला. ६.१ आली. पुन्हा केला. ६.१. मग केंद्रावर जाऊन मशीन उघडलं, तर आतल्या नळीत दुधाचा थर साचलेला. धुलाईच झाली नव्हती. त्या केंद्राच्या सगळ्या उत्पादकांचा दहा दिवसांचा हिशोब फिरवून द्यावा लागला. त्या दिवशी मोटरसायकलवरून घरी येताना पहिल्यांदा वाटलं, हे काम माझं आहे.

त्या दिवसाआधी चौदा महिने मी शेकडो नमुने काढले होते, म्हणून माझा हात मशीनपेक्षा खरा निघाला. हात बसला, मग उपयोग झाला, मग आवड आली. बहुतेकांचं याच क्रमाने होतं असं माझं मत आहे. आपल्याला मात्र उलट शिकवलेलं असतं : आधी आवड ओळखा, मग काम शोधा. त्यामुळे चांगली चांगली मुलं दिवा लागायची वाट बघत अंधारात बसून राहतात.

मग आवड नाही, तर सुरुवातीला बघायचं काय?

कुठल्या कटकटीचा तुम्हाला कंटाळा येत नाही ते बघा. प्रत्येक कामात कटकट असते. एखादी आपल्याला सोसते, एखादी दोन दिवसांत जीव नकोसा करते.

एक बी.कॉम. झालेला मुलगा यायचा. मोबाइलच्या दुकानात दोन वर्षं, फायनान्सच्या वसुलीत एक वर्ष, मग कॉल सेंटर. म्हणाला, सगळीकडे अपयशी. मी विचारलं, तिन्ही ठिकाणी सांगितलेलं नसताना तू काय करत होतास? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, दुकानात रात्रीचा गल्ला मीच जुळवायचो, वसुलीत सगळ्या पोरांच्या पावत्या माझ्याकडेच यायच्या, आणि कॉल सेंटरला खोलीवरच्या सहा जणांचा किराणा-भाड्याचा हिशोब मी ठेवायचो. आज तो एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची विवरणपत्रं भरतो. वीस तारीख जवळ आली की रात्रीचे अकरा वाजतात, पण तक्रार नाही.

तुमच्या भरकटलेल्या वर्षांत असा धागा बहुतेक वेळा असतो. स्वतःला तो दिसत नाही. खोलीवरच्या मित्राला विचारा, बहिणीला विचारा : ‘माझ्याकडे तू कुठल्या कामासाठी येतेस?’

कल चाचणी करून घ्यावी का?

करायला हरकत नाही, पण समुपदेशक समोर बसून बोलणार असेल तरच. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेत हे काम बऱ्याच वर्षांपासून गांभीर्याने चालतं. चाचणी एवढंच सांगते की आकडे, भाषा, आकृत्या, यंत्र यांपैकी काय तुम्हाला तुलनेने सोपं जातं. कुठल्या गावात, कुठल्या पगारावर, कुणाच्या हाताखाली, हे ती सांगत नाही. बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणाऱ्यांकडे मात्र एक रुपयाही देऊ नका. त्याला शास्त्रीय आधार नाही.

एमपीएससी सोडू, की अजून एक अटेम्प्ट देऊ?

हा प्रश्न विचारताना मुलांचा आवाज खाली येतो. म्हणून सावकाश उत्तर देतो.

परीक्षा वाईट नाही आणि अधिकारी होण्याची इच्छाही वाईट नाही. माझ्या खोलीतला एक जण आज तहसील कार्यालयात आहे आणि त्याच्या कामाचा मला अभिमान वाटतो. प्रश्न तुमचा आहे, या वर्षीचा आहे. मी तीन गोष्टी विचारतो.

मागच्या तीन प्रयत्नांत गुण चढले का? कट-ऑफपासूनचं अंतर कमी होत असेल तर एक प्रयत्न समजू शकतो. तीन वर्षं त्याच जागी असाल, तर चौथ्या वर्षी तीच पुस्तकं पाचव्यांदा वाचून काय बदलणार आहे?

दुसरं, नव्या पद्धतीचा अभ्यास तुम्ही खरोखर करताय का? २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. १७५० गुणांची लेखी आणि २७५ ची मुलाखत. ज्यांनी आयुष्यभर चार पर्यायांतून एक निवडला, त्यांना रोज उत्तरं लिहावी लागतात, कुणाकडून तपासून घ्यावी लागतात. दिवसाला दोन उत्तरंसुद्धा लिहून होत नसतील, तर तुम्ही परीक्षेची तयारी करत नाही आहात, अभ्यासिकेत जाताय. हे कठोर वाटेल. मला २०१५ साली कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

तिसरं, परीक्षा झाल्यावर निकाल येईपर्यंतचे महिने तुम्ही काय करता? जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत, निकाल, नियुक्ती, आणि मधे एखादं न्यायालयीन प्रकरण आलं तर तेही. आयुष्यातली खरी वर्षं या वाट बघण्यात जातात. या काळात दुसरं काम सुरू करा. अर्धवेळ, कमी पगाराचं, कसंही.

सोडायचं ठरलं तर तारीख लिहून ठेवा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. मी आईला सांगितलं होतं. ती फक्त ‘जेवून घे’ म्हणाली.

मग तयारीची ती वर्षं वाया गेली म्हणायची का?

पूर्ण नाही, पण बाजारात त्यांना आपोआप किंमत येत नाही. राज्यघटना पाठ आहे म्हणून कुणी नोकरी देत नाही. मात्र शासन निर्णय न घाबरता वाचणं, नियमातलं कलम शोधणं, नीट अर्ज लिहिणं, हे तुम्हाला येतं आणि भोवतालच्या फार थोड्यांना येतं. आमच्या संघात अन्नसुरक्षा परवान्याची कागदपत्रं पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आली, ती याच जोरावर.

मुलाखतीत गॅपबद्दल काय सांगू?

खरं, आणि दोन वाक्यांत. ‘मी पाच वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी केली, यश आलं नाही, गेल्या जूनमध्ये ती थांबवली. त्यानंतर हे शिकलो, आणि हे करून दाखवू शकतो.’ एवढं बोलून थांबा. खोटा अनुभव लिहू नका. पीएफच्या नोंदीवरून तो एका मिनिटात उघडा पडतो. आणि दुसरं वाक्य खरं ठरण्यासाठी मुलाखतीआधी काहीतरी शिकलेलं असावं लागतं.

पुन्हा शिकायला जावं का?

शिक्षणाच्या शेवटी कोणाच्या हाताखाली, काय काम करणार, हे डोळ्यांसमोर असेल तर जा. ‘निदान एम.ए. तरी करतो’ हा भरकटण्याचाच पुढचा मुक्काम असतो.

एलएल.बी. करायची तर खुल्या गटाला पदवीला ४५ टक्के लागतात, सीईटी द्यावी लागते. सनद मिळाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं वरिष्ठ वकिलाकडे हातात फारसं काही पडत नाही, हे धरून चला. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे.

बी.एड. दोन वर्षांचं. त्यानंतर पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, आणि निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक : प्राथमिकला महिना १६,०००, माध्यमिकला १८,०००. शिकवण्याची ओढ असेल तर हे सोसण्यासारखं आहे. फक्त ‘सरकारी’ या शब्दासाठी जात असाल तर पुन्हा विचार करा.

आयटीआयबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण पदवीधर तिथे जायला लाजतात. वेल्डर एक वर्ष, इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षं. बी.ए. झालेला एक मुलगा सत्ताविसाव्या वर्षी दहावी पास पोरांच्या बाकावर बसला. पहिला महिना कोणी ओळखीचं दिसलं की तो मान खाली घालायचा. आज शीतकरण केंद्रातला कॉम्प्रेसर बंद पडला की रात्री दोनला आम्ही त्यालाच उठवतो, आणि तो येईपर्यंत वीस हजार लिटर दुधाचं काय होणार, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही.

शिकताना चार पैसे मिळावेत म्हणून शिकाऊ उमेदवारी बघा. १९६१ च्या कायद्याने त्यात विद्यावेतन बंधनकारक आहे. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि बारावीला ६,००० असं विद्यावेतन ठरलं. वय १८ ते ३५. ही कायम नोकरी नव्हे. ज्यांनी तसं धरलं, ते मुदत संपल्यावर फार दुखावले. काम आतून बघायची संधी म्हणून तिचा उपयोग करा.

काम आतून बघायचं म्हणजे कसं? मला कोण बघू देईल?

विचारलं तर देतात. नोकरी मागू नका. ‘तीन दिवस तुमच्या शेजारी बसून काम बघू का? मधे पडणार नाही’ एवढंच विचारा. दहांतले सात जण हो म्हणतात, निदान आमच्याकडे तरी. मेडिकल लॅब, सर्वेअर, छापखाना, बियाणांचं दुकान, गॅरेज, वकिलाची केबिन, कुठेही.

तीन दिवसांत चार गोष्टी विचारून घ्या. सकाळी आल्यावर पहिलं काम काय असतं? कुठल्या कामाचा कंटाळा येतो? पाच वर्षं झालेल्याला हातात किती मिळतात? आणि हे काम करणारी पन्नाशीतली माणसं आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणसं थांबतात. ते थांबणं नीट ऐका.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मनाला विचारा, चौथ्या दिवशी यावंसं वाटतंय का. अशी चार-पाच कामं बघायला दोन महिने पुरतात.

मी मुलगी आहे. घरी स्थळं बघतायत, माझ्याकडे दोन महिनेही नाहीत.

ताई, तुमचं घड्याळ वेगळं आहे, हे मी नाकारत नाही. मुलाला ‘अजून प्रयत्न करतोय’ म्हणून पाच वर्षं मिळतात, तुम्हाला एक. हा अन्याय आहे आणि तो घरोघरी चालतो.

उपयोगी पडलेली एक गोष्ट सांगतो. ‘मला करिअर करायचंय’ यावर घरात वाद होतो. ‘१ तारखेपासून अमुक ठिकाणी लागतेय, महिना बारा हजार, साडेसहाला घरी’ यावर वाद कमी होतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. झालेली एक मुलगी अशीच लागली, दवाखान्यांतली मशिन्स दुरुस्त करणाऱ्याकडे. पहिला पगार वडिलांच्या हातात दिला. पुढच्या स्थळाला वडिलांनीच सांगितलं, मुलगी नोकरी सोडणार नाही. प्रत्येक घरात असं होईलच असं नाही. पण पहिला पगार लहान असला तरी लवकर आणा.

पगार बघू की समाधान?

आधी पोटापुरता पगार. उधारीवर जगणाऱ्याला कुठल्याच कामात समाधान लाभत नाही. महिन्याला किती लागतात तो आकडा खरा काढा. त्याच्या वर मिळत असेल, तर मग बघा की तुमचं काम बिघडलं तर कुणाचं नुकसान होतं आणि तो माणूस तुम्हाला दिसतो का. मला खिडकीपलीकडचा शेतकरी दिसतो. मला टिकायला ते पुरलं.

नोकरी नको, धंदाच करतो.

त्याच धंद्यात दुसऱ्याकडे सहा महिने काम करा, मग बोलू. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंत आणि उत्पादनाला ५० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला अनुदान मिळतं. पण बँकेचा हप्ता गिऱ्हाईक यायच्या आधी सुरू होतो. आईचे दागिने गहाण ठेवून दुकान टाकू नका.

गावी परत गेलो तर लोक म्हणतील हरून आला.

म्हणतील. साधारण चार महिने म्हणतात, नंतर त्यांना दुसरा विषय मिळतो. मी परत आलो तेव्हा पारावर रोज एकच प्रश्न, ‘मग साहेब, कुठं पोस्टिंग?’ फार लागायचं. आता तीच माणसं दूध नासलं की फोन करतात.

रात्र रात्र झोप लागत नाही, कशातच अर्थ वाटत नाही.

मग करिअरचा प्रश्न आज बाजूला ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येत असेल तर आत्ताच फोन करा, आणि घरातल्या किंवा खोलीवरच्या एकाला उठवून शेजारी बसवा. माझ्या पुण्याच्या दिवसांत माझा मित्र मला असाच रात्रभर घेऊन बसला होता.

रविवारी भेटायला येताना काय आणू?

प्रमाणपत्रांची फाइल नको. दोन कागद आणा. एकावर कॉलेज सुटल्यापासून प्रत्येक वर्षी काय केलं ते, काही न लपवता. रिकामं वर्ष रिकामंच लिहा. दुसऱ्यावर महिन्याचा खर्च आणि तो सध्या कोण भरतं. दहानंतर या. सकाळचं दूध आत घेऊन, हात धुऊन मी तेव्हाच मोकळा होतो.